ट्विस्ट फुसका का निघतो, आणि पुढच्या सेशनआधी तो कसा दुरुस्त करायचा

डंजन्स अँड ड्रॅगन्ससारख्या भूमिका-खेळांत डीएम (खेळ चालवणारा) गोष्ट मांडतो आणि खेळाडू आपापली पात्रं खेळतात. तिथे ट्विस्टबद्दलची तक्रार साधारण तीन प्रकारांनी येते. दोन महिने जपून ठेवलेला ट्विस्ट टेबलवर मांडला आणि समोरून फक्त "बरं, मग आता कुठे जायचं?" एवढंच आलं. किंवा तिसऱ्याच सेशनला कुणीतरी सहज बोलून गेलं, "हा किल्लेदार खरा नसणारच," आणि डीएमचा चेहरा पडला. तिसरा प्रकार सगळ्यात वाईट: गुपित फुटल्यावर सगळे गप्प झाले, कारण त्यांना फसवल्यासारखं वाटलं.

दुखणी वेगळी दिसली तरी मूळ बहुतेक वेळा एकच सापडतं. खेळाडूंनी आधी काय पाहिलं होतं याचा हिशेब कुणी ठेवलेला नसतो. ट्विस्टमुळे खेळाडूंना ठाऊक असलेल्या गोष्टींचा अर्थ एका क्षणात पालटतो. त्यांना ठाऊकच नसलेली गोष्ट तुम्ही सांगितलीत तर ती नुसती बातमी ठरते, मग ती कितीही मोठी असो. म्हणून दुरुस्ती करताना पहिला प्रश्न "मी काय लपवलं?" हा विचारू नका. "मी काय दाखवलं होतं?" हे विचारा.

खालचे आकडे डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीचे, २०१४ च्या नियमांप्रमाणे आहेत. दुसरी पद्धत खेळत असाल तर स्पेलची (मंत्रांची) नावं बदलतील, दुखणी तीच राहतील.

उदाहरण एकच घेऊ, म्हणजे सगळ्या चुका एकाच जागी दिसतील. सरहद्दीवरच्या किल्ल्याचा किल्लेदार पार्टीला, म्हणजे खेळाडूंच्या पात्रांच्या टोळीला, काम देतो: दलदलीत राहणारा, प्रेतांशी बोलणारा मांत्रिक मारायचा. खरी गोष्ट अशी की किल्लेदार तीन वर्षांपूर्वीच मेला. त्याच्या खुर्चीत डॉपलगँगर, म्हणजे कुणाचंही रूप घेणारा प्राणी, बसला आहे, आणि दलदलीतल्या मांत्रिकाकडे खऱ्या किल्लेदाराचं प्रेत आहे. तो त्या प्रेताकडून खून कसा झाला ते थोडं थोडं काढून घेतो आहे.

आधी तपासणी

कागदावर एक वाक्य लिहा: "हे कळल्यावर खेळाडूंनी स्वतः पाहिलेल्या या तीन गोष्टींचा अर्थ बदलतो." त्याखाली तीन ओळी. प्रत्येक ओळीपुढे ती गोष्ट कोणत्या सेशनला दिसली आणि कोणत्या खेळाडूला दिसली, ते लिहा. तीन ओळी भरत नसतील तर ट्विस्ट अजून तयार नाही. तो पुढे ढकला. पुढे ढकलल्याने काही बिघडत नाही, घाईने बिघडतं.

दुसरी तपासणी सेशनच्या सुरुवातीला करायची. मागच्या वेळी काय झालं ते डीएमने सांगू नये, खेळाडूंना सांगू द्यावं. तुम्ही फक्त ऐका आणि तुमच्या यादीतल्या ज्या खुणांचा उल्लेख झाला त्यांच्यापुढे टिक करा. लागोपाठ दोन सेशन जी खूण कुणाच्याच तोंडी आली नाही ती खेळाडूंना ठाऊक नाही असं धरून चाला. तुम्ही ती सांगितली होती, कदाचित रंगवून सांगितली होती, पण त्यांच्या डोक्यात ती उरलेली नाही. पंधरा दिवसांनी एकदा खेळणाऱ्या गटात हे सर्रास होतं.

लक्षण: धक्का बसायला हवा होता, कुणाला काही वाटलंच नाही

इथे नव्वद टक्के वेळा खुणा कमी पडलेल्या असतात किंवा फाशाच्या मागे अडकलेल्या असतात, आणि फाशाचं गणित फार कमी जण करून बघतात.

एक खूण डीसी १५ च्या मागे ठेवली, म्हणजे सापडायला फासा आणि कसबाचे गुण मिळून १५ तरी हवेत, आणि शोधणाऱ्याच्या रोलमध्ये कसबाचे ३ मिळतात असं धरा. डी२० वर (वीस बाजूंच्या फाशावर) १२ किंवा जास्त पडायला हवेत, म्हणजे २० पैकी ९ निकाल, ४५ टक्के. सगळा ट्विस्ट या एका खुणेवर टेकवला असेल तर अर्ध्याहून जास्त वेळा तो जमिनीवर येणार. तीन खुणा अशाच ठेवल्या तर निदान एक सापडण्याची शक्यता ८३ टक्क्यांवर जाते, ते बरं दिसतं. पण एका खुणेवर कुणी निष्कर्ष काढत नाही, दोन तरी लागतात. तीनपैकी दोन सापडण्याची शक्यता फक्त ४३ टक्के आहे. पाच खुणा ठेवा, तर दोन किंवा जास्त सापडण्याची शक्यता ७४ टक्के होते. म्हणजे प्रत्येक निष्कर्षासाठी तीन खुणा ठेवा, हा जो नियम सगळे सांगतात तो फाशाशिवाय मिळणाऱ्या खुणांना लागू धरा. रोल लावणार असाल तर पाच.

याहून चांगला मार्ग म्हणजे महत्त्वाच्या खुणांवरून रोल काढूनच टाकायचा. गमशू नावाची तपासकथांसाठी बनवलेली पद्धत नेमकं हेच करते: योग्य कसब असलेला माणूस योग्य जागी बघतो, आणि मुख्य धागा त्याला मिळतोच. रोल ठेवायचा असेल तर तो खुणेसाठी न ठेवता वेळेसाठी किंवा किमतीसाठी ठेवा. समजा खूण एका वहीत आहे: रोल जमला तर ती गुपचूप वाचून झाली. नाही जमला तरी वाचून झाली, पण पहारेकऱ्याने पाहिलं.

आता खुणा कशा असाव्यात. सगळ्यात पक्क्या खुणा खेळाच्या नियमांतूनच निघतात, कारण ते नियम खेळाडूंनाही पाठ असतात आणि नंतर मागे वळून पाहताना "हे समोरच होतं" असं त्यांना स्वतःला पटतं. आपल्या उदाहरणात तीन बघा.

स्पीक विथ डेड या स्पेलला प्रेत पाच प्रश्नांची उत्तरं देतं, आणि एकदा वापरल्यावर त्याच प्रेतावर तो दहा दिवस चालत नाही. म्हणून मांत्रिकाच्या झोपडीत एक वही सापडते: दर दहा दिवसांच्या अंतराने पाच-पाच ओळी, शेकडो ओळी. पहिल्यांदा वाचताना ही वेड्या माणसाची दैनंदिनी वाटते. क्लेरिक (देवाच्या शक्तीने स्पेल टाकणारा पुजारी) खेळणाऱ्याला "पाच" आणि "दहा" हे आकडे जुळले की अंगावर काटा येतो, आणि तो क्षण डीएमला एक शब्दही न बोलता मिळतो.

दुसरी खूण: डॉपलगँगर ६० फुटांतल्या एका माणसाच्या मनातले वरवरचे विचार वाचू शकतो, आणि शिशाचा पातळ पत्राही ते अडवतो. मग किल्ल्यातला कारागीर कुरकुरतो की जुन्या किल्लेदाराने मुद्दाम बसवून घेतलेले मुलाखतीच्या दालनातले शिशाचे पत्रे हल्ली काढायला लावले, कारण म्हणे खोली कोंदट वाटते. किल्लेदार समोरच्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत उत्तर देतो. हे दोनदा दाखवा, तीनदा नको.

तिसरी: हा प्राणी रूप घेतो, आठवणी घेत नाही. किल्लेदाराची म्हातारी कुत्री दालनाच्या उंबऱ्यापाशीच बसून राहते, आत येत नाही. त्याने तीन वर्षांत एकही पत्र स्वतःच्या हाताने लिहिलेलं नाही, सगळं कारभारी लिहितो आणि वर शिक्का पडतो. कुत्र्याची खूण जुनी आहे, पण खेळाडू प्राण्यांकडे हमखास जातात, त्यामुळे ती वाया जात नाही.

प्रत्येक खुणेला एक निरुपद्रवी अर्थ हवा. वही वेड्याची, पत्रे कोंदटपणामुळे काढलेले, कुत्री म्हातारी. असा पहिला अर्थ नसेल तर खूण उघडी पडते. आणि दुसरा अर्थ मनात बसायला दोन-तीन सेशन जाऊ द्या. सगळ्या खुणा एकाच संध्याकाळी टाकल्या तर खेळाडूंना त्या एकत्रच दिसतात.

फार क्रूर म्हणून नावाजलेल्या टूम ऑफ हॉरर्स या तयार साहसाचं उदाहरण इथे उपयोगी आहे. डंजन्स अँड ड्रॅगन्सचे एक निर्माते गॅरी गायगॅक्स यांनी ते १९७५ च्या ओरिजिन्स मेळाव्यातल्या स्पर्धेसाठी रचलं, १९७८ मध्ये ते छापून आलं. सुरुवातीच्या मार्गिकेच्या टोकाला हिरव्या सैतानाचं तोंड आहे. त्या तोंडात शिरणारा कायमचा नाहीसा होतो. पण त्याच मार्गिकेच्या जमिनीवर एक संदेश दडलेला आहे आणि त्यात हिरव्या रंगापासून दूर राहा असा इशारा आहे. म्हणजे तिथेही आधी दाखवलं, मग मारलं.

लक्षण: फार लवकर ओळखलं

ओळखलं गेलं म्हणजे खुणा काम करतात. हे आधी स्वतःला पटवून द्या, कारण इथे घाबरून केलेली दुरुस्ती मूळ दुखण्यापेक्षा महाग पडते. सगळ्यात महाग चूक म्हणजे खेळाडूने बरोबर ओळखलं म्हणून गुपितच बदलणं. आजवरच्या सगळ्या खुणा जुन्या उत्तराकडे बोट दाखवत असतात. उत्तर बदललंत की त्या पोरक्या होतात, आणि लक्ष देऊन खेळणाऱ्या माणसालाच शिक्षा मिळते. तो पुढे लक्ष देणं सोडतो.

त्याऐवजी "काय" जाऊ द्या आणि "का" धरून ठेवा. किल्लेदार डॉपलगँगर आहे हे कळलं तरी तो तीन वर्षं किल्ला नीट का राखतो आहे, सरहद्द शांत का आहे, गावकरी आधीपेक्षा सुखी का आहेत, हे प्रश्न उरतातच. आता खेळाडूंपुढे कोडं उरत नाही, निवड उभी राहते. माझ्या मते कोड्यापेक्षा निवड नेहमीच जास्त रंगते.

ओळखण्याचं दुसरं कारण खुणांशी संबंधित नसतं, ते तुमच्या बोलण्यात असतं. संशय आधी तीन जणांवर जातो: जो पैसे देतो, गर्दीत ज्या एकालाच नाव आहे, आणि ज्याचं वर्णन इतरांपेक्षा लांबतं. उपाय साधा आहे. किल्ल्यातल्या किमान सहा जणांना नाव द्या आणि प्रत्येकाला दोन-दोन वाक्यंच द्या. किल्लेदारालाही दोनच.

तिसरं कारण फासा. इनसाइट हे समोरच्याचा हेतू ओळखण्याचं कसब. "इनसाइट रोल करा" असं म्हणताच समोरचा खोटं बोलतोय हे टेबलवरच्या सगळ्यांना कळतं, फाशावर काहीही पडो. त्यात चार खेळाडूंनी एकदम रोल केला, तर वरच्याच ४५ टक्क्यांच्या हिशेबाने निदान एकाला यश मिळण्याची शक्यता ९१ टक्के. हे टाळायला दोन सवयी लावा. प्रत्येकाचा पॅसिव्ह इनसाइट आणि पॅसिव्ह परसेप्शन (आजूबाजूचं टिपण्याचं कसब), म्हणजे रोल न करता धरायचा आकडा, १० अधिक त्या कसबाचे गुण, तुमच्या समोरच्या पडद्याच्या आतल्या बाजूला चिकटवून ठेवा. आणि सेशन सुरू होण्याआधी प्रत्येकाकडून डी२० दहा वेळा टाकून घेऊन आकडे लिहून ठेवा. गुप्त रोल लागला की यादीतला पुढचा आकडा घ्या आणि तो खोडा.

पाचव्या पातळीचा, विजडम १६ आणि इनसाइटमध्ये तरबेज असा क्लेरिक असेल तर त्याचा पॅसिव्ह इनसाइट १६ येतो. डॉपलगँगरला डिसेप्शनमध्ये (फसवण्याच्या कसबात) अधिक ६ असतात, म्हणजे सरासरी रोल साडेसोळा. सामना जवळपास बरोबरीचा आहे, आणि डॉपलगँगर ज्याचं मन वाचतो आहे त्याच्याविरुद्ध त्याला ॲडव्हांटेजही (दोन फासे टाकून मोठा आकडा घेणं) मिळतो. म्हणून क्लेरिक जिंकला तरी "तो खोटं बोलतोय" असं सांगू नका. "तुमचा प्रश्न ऐकून तो दचकला नाही, जणू त्याला आधीच माहीत होता" असं सांगा. जे दिसलं तेवढंच द्या, अर्थ त्यांना लावू द्या.

लक्षण: एका स्पेलने सगळा डाव उघडा

बहुतेक डीएमची तयारी इथेच उघडी पडते, कारण गुपित लिहिताना पार्टीची पातळी बघितलेलीच नसते. तिसऱ्या पातळीला क्लेरिककडे झोन ऑफ ट्रूथ (खोटं बोलू न देणारा स्पेल) येतो, विझार्डकडे (जादूगाराकडे) डिटेक्ट थॉट्स (मन वाचणारा). पाचव्या पातळीला स्पीक विथ डेड. अकराव्या पातळीला ट्रू सीइंग (खरं रूप दाखवणारा), आणि त्यापुढे रूप बदलणाऱ्यावर टेकलेलं गुपित टिकतच नाही, तशी अपेक्षाच ठेवू नका.

स्पेल अडवणं हा सगळ्यात आळशी उपाय आहे. किल्लेदाराच्या गळ्यात एक ताईत आहे आणि त्याच्यावर काहीच चालत नाही, असं म्हटलंत की खेळाडूंना दोन गोष्टी एकदम कळतात: इथे गुपित आहे, आणि आपण निवडलेले स्पेल इथे फुकट गेले. त्याऐवजी प्रत्येक स्पेलला खरं उत्तर लिहून ठेवा. खरं, पण अपुरं.

झोन ऑफ ट्रूथचा घेर १५ फूट त्रिज्येचा, मुदत १० मिनिटं. आत थांबलेल्याला दर फेरीला सेव्ह (स्पेलपासून वाचण्याचा रोल) टाकावी लागते, त्यामुळे तो आज ना उद्या हरतोच, आणि कोण हरलं हे स्पेल टाकणाऱ्याला कळतं. पण स्पेल खोटं बोलू देत नाही एवढंच. बोलायलाच लावत नाही, आणि आपण त्यात सापडलो आहोत हे समोरच्यालाही समजतं. म्हणून डॉपलगँगरची चार खरी वाक्यं आधीच तयार ठेवा. "दलदलीतला माणूस प्रेतांशी बोलतो, हे मला पक्कं ठाऊक आहे." "तो जिवंत राहिला तर हा किल्ला माझ्या हातून जाईल." दोन्ही अक्षरशः खरी आहेत. शेवटी गुपित फुटल्यावर हीच वाक्यं खेळाडूंना आठवतात, आणि त्यांच्याच स्पेलमुळे त्यांना सगळ्यात चांगली खूण मिळाली होती हे उमगतं.

डिटेक्ट थॉट्समध्ये वरवरचा विचार सेव्ह न टाकताच मिळतो. तो आधी लिहून ठेवा. इथे एक फार सुंदर संधी आहे: डॉपलगँगर त्याच वेळी त्या विझार्डचंच मन वाचत असेल, तर विझार्डला स्वतःचाच विचार परत ऐकू येतो. "हा काय शोधतोय?" एवढंच सांगा आणि थांबा.

डिटेक्ट ईव्हिल अँड गुडबद्दल गैरसमज फार आहे. तो मनातला दुष्टपणा शोधत नाही, सहा प्रकारचे प्राणी शोधतो: ॲबरेशन, सेलेस्टियल, एलिमेंटल, फे, फीन्ड आणि अनडेड. २०१४ च्या नियमांत डॉपलगँगर मॉन्स्ट्रॉसिटी या वेगळ्याच प्रकारात आहे, त्यामुळे इथे काहीच दिसत नाही, आणि ते प्रामाणिकपणे सांगता येतं. मूनबीम मात्र विसरू नका. रूप बदलणारा त्यात सापडला तर सेव्ह डिसॲडव्हांटेजने (दोन फासे टाकून लहान आकडा घेऊन) टाकतो, आणि हरला की मूळ रूपात येतो. टेबलवर ड्रुइड (मूनबीम टाकू शकणारा निसर्गपूजक) असेल तर एखाद्या दिवशी हे होणारच. होऊ द्या.

खऱ्या किल्लेदाराचं प्रेत बोललं तर? प्रेताला जिवंतपणी जे माहीत होतं तेवढंच माहीत असतं, आणि उत्तरं त्रोटक येतात. मारणारा पाठीमागून आला असेल तर त्याला चेहरा ठाऊक नाही. मांत्रिकाला तीन वर्षं का लागली याचं उत्तरही इथेच आहे. नियम, खूण आणि कथा एकाच धाग्यात ओवली गेली की स्पेलची भीती उरत नाही.

लक्षण: फसवल्यासारखं वाटलं

यात दोन वेगवेगळ्या चुका असतात. पहिली, केलेलं काम पुसून टाकणं: सगळं स्वप्न होतं, सगळा भ्रम होता, मारलेला राक्षस खरा नव्हताच. त्यांनी केलेल्या कृत्याचा अर्थ ट्विस्टने खुशाल बदलावा, पण कृत्य झालंच नव्हतं असं म्हणू नये. मागच्या पाच सेशनांत मिळालेल्या गोष्टींची यादी करा: वस्तू, ओळखी, जिंकलेल्या लढाया, दिलेले शब्द. ट्विस्टनंतर यातल्या निम्म्याहून कमी शिल्लक राहत असतील तर तो ट्विस्ट टाकून द्या. त्याची डागडुजी होत नाही.

दुसरी चूक कॅरेक्टरच्या भूतकाळाला न विचारता हात लावण्याची. मेलेली बहीण खलनायक निघते, गुरू विश्वासघातकी निघतो. काही खेळाडूंना हे आवडतं, काहींनी ती बहीण जपून ठेवलेली असते. सेशन झिरोला, म्हणजे खेळ सुरू होण्याआधीच्या बैठकीत, प्रत्येकाकडून तीन रकाने भरून घ्या: वापरा, आधी विचारा, हात लावू नका. पाच मिनिटांचं काम आहे आणि त्याने गुपित फुटत नाही.

खेळाडूचंच कॅरेक्टर बदलून तिथे डॉपलगँगर बसवायचा असेल, तर त्या खेळाडूशी आधी एकट्याने बोला, त्याची खरी तयारी आहे ना बघा, आणि मुदत ठरवा. दोन सेशन पुष्कळ झाले. त्या काळात इतरांचं कायमचं नुकसान, म्हणजे मृत्यू किंवा वस्तूंची चोरी, होणार नाही असं दोघांनी ठरवून घ्या. नाहीतर राग कॅरेक्टरवर न राहता माणसावर जातो. असा राग पुढच्या आठवड्यात मावळत नाही.

लक्षण: ट्विस्टनंतर कुणाचाच कुणावर विश्वास नाही

एक विश्वासघात रंगतो, दुसऱ्यानंतर खेळाडू एनपीसीशी (डीएम चालवतो त्या पात्रांशी) बोलणंच सोडतात. एका दगाबाजामागे शब्द पाळणारे निदान चार जण ठळकपणे दिसले पाहिजेत, आणि "ठळकपणे" म्हणजे त्यांच्यामुळे पार्टीला काहीतरी मिळालं पाहिजे: वेळेवर आलेली मदत, राखून ठेवलेलं सामान, खरी निघालेली बातमी. पुढचे तीन-चार सेशन हेच करा. खेळ फारच अडला असेल तर खेळाबाहेर येऊन सरळ सांगा, "या लोहारामागे काही नाही, तो फक्त लोहार आहे." यात कमीपणा नाही.

मिमिक, म्हणजे वस्तूचं रूप घेऊन बसणारा प्राणी, एकदा भेटला की हेच दाराखिडक्यांच्या बाबतीत होतं. मिमिक न हलता बसला तर साध्या वस्तूपासून ओळखता येत नाही, हे वाचलं की डीएमला मोह होतो, आणि पुढचे सहा महिने प्रत्येक पेटीला आधी भाला टोचला जातो. उपाय दोन. मिमिकजवळ खूण ठेवा: धुळीने भरलेल्या खोलीत एकाच पेटीवर धूळ नाही, उंदरांच्या लेंड्या तिच्यापासून हातभर अंतरावर थांबतात. आणि पार्टीकडून नेहमीची तपासणी एकदाच लिहून घ्या: दार कसं उघडतात, पेटी कोण उघडतं, बाकीचे कुठे उभे राहतात. इथून पुढे न विचारता तेच घडतं असं धरा.

ट्विस्ट उघडायची वेळ

सेशन संपायला ३० ते ४० मिनिटं असताना उघडा. अगदी शेवटच्या वाक्याला उघडला तर टाळ्या मिळतात, पण पंधरा दिवसांनी तो ताप उतरलेला असतो. इनिशिएटिव्ह (लढाईत पाळीचा क्रम ठरवणारा रोल) टाकल्यानंतर उघडला तर कुणी बोलत नाही, सगळे आपली पाळी मोजतात. २०१४ च्या नियमांत तर अचानक हल्ल्यात सापडलेल्याची पहिली पाळी वाया जाते. २०२४ च्या नियमांत फक्त इनिशिएटिव्हला डिसॲडव्हांटेज आहे, तरी बोलायला फुरसत नसतेच. गुपित आधी फुटू द्या, त्यांना बोलू द्या, एक निर्णय घेऊ द्या, आणि त्या निर्णयावर सेशन थांबवा.

आणि शेवटचा दुवा तुम्ही बोलू नका. खलनायकाच्या भाषणातून तर नकोच. एक वाक्य अलीकडे थांबा. वही पुढे सरकवा, "दर दहा दिवसांनी पाच ओळी" एवढंच म्हणा, आणि मनात दहापर्यंत मोजा. ही शांतता डीएमला फार लांब वाटते, खेळाडूंना वाटत नाही. दहापर्यंत कुणी बोललं नाही तर आणखी एक खूण द्या. उत्तर देऊ नका.

उलटी बाजू: खेळाडूंची युक्ती तुमचा शेवट खाऊन जाते

पार्टीने इम्मूव्हेबल रॉड (जागच्या जागी खिळून राहणारा जादूचा दांडा) दाराला आडवा लावला आणि खलनायक आतच अडकला. रॉड ८००० पौंडांपर्यंत वजन पेलतो, हलवायला डीसी ३० चा स्ट्रेंग्थ चेक (ताकदीचा रोल) लागतो. म्हणजे तो खरोखरच अडकला. अशा वेळी तीन प्रश्न मनात विचारा. युक्ती आधी ठरलेल्या गोष्टींवर उभी आहे का? तिला काही किंमत पडते का, म्हणजे वस्तू, स्पेल स्लॉट, वेळ, धोका? उद्या शत्रूने हीच युक्ती पार्टीवर केली तर खेळाडू मान्य करतील का? तिन्हींना "हो" असेल तर चालू द्या, पूर्णपणे चालू द्या, आणि किंमत वसूल करा. रॉड आता त्या दारातच आहे, त्यांच्याजवळ नाही.

तिसऱ्या प्रश्नावर बरंच काही गळतं. बॅग ऑफ होल्डिंग (आत खूप जागा असलेली जादूची पिशवी) पोर्टेबल होलमध्ये (घडी करून नेता येणाऱ्या जादूच्या खड्ड्यात) टाकली की दोन्ही नष्ट होतात आणि १० फुटांतले सगळे ॲस्ट्रल प्लेनमध्ये, म्हणजे दुसऱ्याच लोकात, ओढले जातात. बॉम्ब म्हणून हे फार आकर्षक दिसतं. शत्रूंकडेही या दोन्ही वस्तू असू शकतात, एवढं आधी बोलून ठेवलं की दोन्ही बाजू जपून वागतात.

हजार शेतकऱ्यांना रांगेत उभं करून एका फेरीत, म्हणजे खेळातल्या सहा सेकंदांत, भाला हातोहात पुढे द्यायचा, ही युक्तीही दर थोड्या दिवसांनी नव्याने निघते. प्रत्येकाला ५ फूट धरले तर ६ सेकंदांत ५००० फूट, सेकंदाला ८३३ फूट. मग त्या वेगाने भाला तटबंदी फोडेल, असा दावा. चूक कुठे आहे ते शांतपणे सांगा: भाला पुढे जातो तो खेळाच्या नियमाने, आणि तट फोडायच्या वेळी मात्र भौतिकशास्त्र आणलं जातं. एकच धरा. नियम धरले तर शेवटचा शेतकरी भाला फेकतो आणि साधा भाल्याचा डॅमेज होतो. भौतिकशास्त्र धरलं तर सहा सेकंदांत भाला चार-पाच हातांपुढे जात नाही.

खलनायक ट्विस्टआधीच मेला तर घाबरू नका. डॉपलगँगर मेल्यावर मूळ रूपात येतो, म्हणजे तुमचं गुपित दालनाच्या मधोमध, कारभाऱ्यासमोर आणि पहारेकऱ्यांसमोर पडलेलं आहे. प्रत्येक गुपिताखाली आधीच तीन ओळी लिहिलेल्या असाव्यात: हे उद्याच कळलं तर सगळ्यात आधी कोण पळेल, कोण चिडेल, आणि खुर्ची कोण मागेल. त्या ओळी हाताशी असतील तर खेळ थांबवावा लागत नाही. नसतील तर दहा मिनिटांची सुट्टी मागून घ्या, त्या लिहून काढा, आणि कारभाऱ्याच्या पहिल्या किंकाळीपासून पुढे सुरू करा.